वाचकांचे प्रश्न : बायबलमधले हित्ती आणि हत्तुशाचे हित्ती

प्रश्न : अब्राहामाने हेब्रोनजवळची गुहा एफ्रोन नावाच्या हित्ती माणसाकडून विकत घेतली, असे बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात आहे. हित्तींचे साम्राज्य तर तुर्कस्तानात होते. मग हे हित्ती हेब्रोनला कसे?

या विषयावरचे बहुतेक गोंधळ याच प्रश्नातून सुरू होतात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. हित्तींची राजधानी हत्तुशा आजच्या तुर्कस्तानातल्या बोआझकाले गावाला लागून होती. तिथून हेब्रोन सरळ रेषेत सुमारे साडेनऊशे किलोमीटर दक्षिणेला पडते. साम्राज्य भरात असतानाही त्याची दक्षिण सीमा ओरोन्टेस नदीकाठच्या कादेशच्या आसपास थांबत असे, आणि कादेशपासूनही हेब्रोन साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. त्याखालचा कनानचा मुलूख, म्हणजे आजचा इस्राएल-पॅलेस्टाइनचा परिसर, इजिप्तच्या ताब्यात होता. हेब्रोनवर हत्तुशाची सत्ता कधीच नव्हती.

आता नावे पाहा. एफ्रोन, त्याचा बाप सोहर, अब्राहामाचा नातू एसाव याचे हित्ती सासरे बैरी आणि एलोन, बायको यहूदीथ ही सगळी नावे सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातल्या, घडणीची आहेत. हत्तुशाच्या राजांची नावे शुप्पिलुलिउमा, मुर्शिली, हत्तुशिली अशी. दोन्ही याद्या मोठ्याने वाचल्या की कानालाच फरक कळतो. हेब्रोनचे ‘हित्ती’ बोलीने आणि नावांनी कनानीच होते.

मग त्यांना हित्ती का म्हटले? साम्राज्य इ.स.पू. ११८०च्या सुमारास कोसळले, पण ‘हत्ती’ हे हित्तींच्या देशाचे नाव उत्तर सीरियात टिकले. पुढे अश्शूरी (आजच्या उत्तर इराकमधले) राजे तेच नाव पसरवत पसरवत युफ्रेटिसपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या सगळ्या पट्ट्याला वापरू लागले. अश्शूरचा राजा एसरहद्दोन ‘हत्ती, समुद्रकिनारा आणि बेटे’ येथील २२ राजांची यादी देतो; त्यात यहूदाचा, म्हणजे जेरुसलेमभोवतीच्या राज्याचा, राजा मनश्शे आहे. बाबेलच्या बखरीत नबुखद्नेस्सर ‘हत्ती देशावर’ चालून जातो आणि इ.स.पू. ५९७मध्ये यहूदाचे शहर, म्हणजे जेरुसलेम, घेतो. या भाषेत खुद्द जेरुसलेमच हत्ती देशात येते! उत्पत्तीचा मजकूर आपल्याला ज्या रूपात मिळतो त्या रूपात तो याच काळात घडत होता. त्यामुळे ‘या भूमीचे जुने रहिवासी’ अशा अर्थाने तिथे हित्ती शब्द यावा, हे आमच्या मते सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे. साम्राज्य बुडाल्यावर उत्तरेकडून काही कुटुंबे दक्षिणेला आली असतील, असेही काही अभ्यासक मानतात. ते अशक्य नाही, पण हेब्रोनची नावे त्याला साथ देत नाहीत.

प्रश्न : मग एखाद्या वचनात ‘हित्ती’ आले तर ते कोणते, हे ओळखायचे कसे?

आधी शब्दाची सोबत पाहा. कनानी, अमोरी, परिज्जी, हिव्वी, यबूसी यांच्या रांगेत हित्ती आले, जसे अनुवाद (बायबलचे पाचवे पुस्तक) ७:१मध्ये, तर ती स्थानिक जमात. ‘हित्ती राजे’ असे अनेकवचन आले आणि जवळ अरामाचे (दमास्कसकडचे) राजे असले, तर ती उत्तर सीरियातली नव-हित्ती, म्हणजे साम्राज्य कोसळल्यावर उरलेली, राज्ये : कार्केमिश, हमाथ, मलातिया वगैरे. यहेज्केल १६:३मध्ये जेरुसलेमला ‘तुझा बाप अमोरी आणि तुझी आई हित्ती’ असे सुनावले आहे. तिथे हिणवण्यासाठी मूळ काढले आहे, त्यावरून वंशावळ मांडू नये.

चूक बहुधा १ राजे १०:२८-२९मध्ये होते. इस्राएलचा राजा शलमोन याचे व्यापारी रथ ६०० शेकेल चांदीला आणि घोडा १५० शेकेलला आणत व हित्ती आणि अरामी राजांना पुरवत, असे तिथे म्हटले आहे. शेकेल सुमारे ११.४ ग्रॅमचा धरला तर रथाला पावणेसात किलोच्या वर आणि घोड्याला सुमारे १.७ किलो चांदी पडते. वाचक हे हत्तुशाच्या सम्राटांशी जोडतात. पण शलमोनाचा काळ इ.स.पू. दहावे शतक, आणि तोपर्यंत हत्तुशा ओस पडून दोनशे वर्षे झाली होती. याच वचनात घोड्यांचा मुलूख म्हणून आलेले कुवे म्हणजे किलिकिया, आजच्या अदानाचा परिसर. तेही नव-हित्ती जगातलेच.

प्रश्न : इस्राएली आणि हित्ती प्रत्यक्ष कधी भेटल्याचा बायबलबाहेरचा पुरावा आहे का?

आहे, आणि तो जितका माहीत असायला हवा तितका माहीत नाही. इ.स.पू. ८५३मध्ये ओरोन्टेसकाठी करकर येथे अश्शूरचा तिसरा शल्मनेसर याला अडवायला सीरिया-पॅलेस्टाइनमधले राजे एकत्र आले. कुर्ख येथे सापडलेल्या शिलालेखात शल्मनेसराने शत्रूंचे बळ मोजून दिले आहे : दमास्कसच्या हदद-एझरचे १,२०० रथ, १,२०० घोडेस्वार आणि २०,००० पायदळ, हमाथच्या इर्हुलेनीचे ७०० रथ, ७०० घोडेस्वार आणि १०,००० पायदळ, इस्राएलच्या अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ. अहाबाचे रथ पुष्कळांना फार वाटतात, आणि जिंकणारा राजा शत्रूचे आकडे फुगवतो हे लक्षात ठेवायलाच हवे. पण अहाब आणि इर्हुलेनी एकाच बाजूने लढले, याबद्दल शंका नाही.

हा इर्हुलेनी म्हणजे लुवियन शिलालेखांतला उर्हिलिना. लुवियन ही हित्तीची सख्खी बहीण शोभेल अशी भाषा, आणि साम्राज्यातल्या चित्रलिपीतच ती लिहिली जात राहिली. उर्हिलिनाचे आणि त्याच्या मुलाचे दगड हमा शहरात घरांच्या भिंतींत बसवलेले होते. १८७२मध्ये विल्यम राइट या मिशनऱ्याने त्यांचे ठसे घेतले आणि ही हित्तींची लिपी असावी असे सुचवले. हित्तींचा आधुनिक शोध असा अहाबाच्या मित्रराजाच्याच दगडांपासून सुरू झाला. २ राजे ७:६मध्ये अरामी सैन्य ‘इस्राएलच्या राजाने हित्ती राजांना पैसे देऊन आणले’ या समजुतीने रात्रीतून पळते. ती भीती कुठल्या जगातली आहे, हे करकरमुळे समजते. हमाथ इ.स.पू. ७२०मध्ये आणि कार्केमिश ७१७मध्ये अश्शूरच्या दुसऱ्या सार्गोनने घेतले. त्याच सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोनही अश्शूरच्या हाती गेली.

प्रश्न : मोशेचा करार, म्हणजे देवाने मोशेमार्फत इस्राएलांशी केलेला करार, हित्ती तहांच्या नमुन्यावर बेतला आहे, आणि म्हणून तो इ.स.पू. तेराव्या शतकातलाच असला पाहिजे, असे वाचले. हे कितपत खरे?

अर्धे खरे. हित्ती सम्राट मांडलिकाशी तह करी तेव्हा त्याचा साचा साधारण ठरलेला असे. आधी सम्राटाचे नाव आणि बिरुदे. मग पूर्वेतिहास, म्हणजे मांडलिकाच्या घराण्यावर आपण काय उपकार केले ते. मग अटी. मग तहाची पाटी देवळात ठेवण्याची आणि वेळोवेळी वाचून दाखवण्याची आज्ञा. मग साक्षी देवांची लांबलचक यादी, आणि शेवटी शाप व आशीर्वाद. मुर्शिली दुसरा याने सीरियातल्या अमुर्रू या मांडलिक राज्याच्या दुप्पि-तेशुबशी केलेल्या तहात पूर्वेतिहासात आजोबा अझिरूची इमानदारी सांगितली आहे, तर खंडणी ३०० शेकेल सोने, आणि तेही हत्ती देशाच्या व्यापाऱ्यांच्या वजनाने तोलून.

हा साचा मनात ठेवून निर्गम २०, अनुवाद आणि यहोशवा २४ वाचले की सारखेपणा जाणवतो. ‘तुला मिसर देशातून बाहेर आणणारा मी’ हा पूर्वेतिहास. आज्ञांच्या पाट्या कराराच्या कोशात (पवित्र पेटीत) ठेवणे आणि दर सात वर्षांनी नियमशास्त्र वाचणे (अनुवाद ३१) ही ठेव आणि वाचनाची आज्ञा. साक्षी देवांची यादी अर्थातच चालणार नव्हती. तिथे आकाश आणि पृथ्वी साक्षी होतात, आणि यहोशवा २४मध्ये एक धोंडा. जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५४मध्ये ही तुलना ठळकपणे मांडली.

अडचण पुढची आहे. १९५५मध्ये इराकमधल्या निमरूद येथे एसरहद्दोनने इ.स.पू. ६७२मध्ये मांडलिकांकडून घेतलेल्या शपथेच्या पाट्या मिळाल्या. त्यात कातडीचा रोग, आंधळेपण, पाखरांना प्रेते आणि बायको दुसऱ्याच्या हाती जाणे हे शाप एकत्र येतात, तसेच ते अनुवाद २८मध्येही येतात. काशाचे आकाश आणि लोखंडाची जमीन हा शापही दोन्हीकडे आहे. २००९मध्ये याच शपथेची एक प्रत तुर्कस्तानातल्या तेल तायिनात येथे देवळात मिळाली, आणि तायिनात हे पूर्वी नव-हित्ती राज्याचे राजधानीचे शहर. म्हणजे पश्चिमेकडच्या मांडलिकांच्या देवळात अशा प्रती ठेवल्या जात. यहूदा तेव्हा मांडलिकच होता.

म्हणून तारीख ठरवताना एकच अंग मोजू नये. पूर्वेतिहास आणि आशीर्वाद यांचे नाते हित्ती साच्याशी अधिक जुळते, शापांचे शब्द अश्शूरी शपथेशी. करारलेखनाची परंपरा लेखनिकांच्या हातून शतकानुशतके चालत आली आणि अनुवादात तिचे जुने-नवे थर एकत्र दिसतात, असे आम्हाला वाटते. नुसत्या साच्यावरून तेरावे शतक सिद्ध होत नाही.

प्रश्न : पापाचा बकरा ही कल्पना हित्तींकडून आली का? कायद्यांतही साम्य आहे का?

अश्हेल्ला नावाच्या माणसाचा एक विधी हत्तुशाच्या पाट्यांत आहे. सैन्यात साथ पसरली की प्रत्येक सेनापतीने एक मेंढा तयार करायचा, रंगीत लोकरीचा पीळ घालून तो मेंढ्याच्या मानेला व शिंगांना बांधायचा, रात्री तंबूंपुढे मेंढे बांधून ठेवायचे आणि नंतर साथीसह त्यांना शत्रूच्या मुलखाकडे हाकलायचे. लेवीय १६मध्ये बकरे दोन असतात. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी कापतात. दुसऱ्याच्या डोक्यावर याजक दोन्ही हात ठेवून लोकांची पापे कबूल करतो आणि त्याला रानात अजाजेलकडे सोडतात. जनावरावर संकट लादून बाहेर पाठवणे हे सूत्र एकच. पण तिकडे साथ जाते, इकडे पाप. तिकडे ती शत्रूच्या माथी मारतात, इकडे निर्जन रानात सोडतात. असे विधी उत्तर सीरियातही होते, त्यामुळे थेट उसनवारी मानण्यापेक्षा शेजारधर्माने पसरलेली प्रथा मानावी.

कायद्यांत मात्र काही जुळणी चकित करणारी आहे. हित्ती कायद्याची सुमारे २०० कलमे आहेत. उघड्या रानात प्रेत सापडले तर चारी दिशांना अंतर मोजून त्या टप्प्यातल्या गावावर जबाबदारी टाका, असे सहाव्या कलमाच्या उत्तरकालीन प्रतीत आहे. अनुवाद २१ही जवळचे गाव मोजूनच ठरवतो, फक्त तिथे कालवड मारून दोष फेडतात. १९७वे कलम बलात्कारात डोंगर आणि घर असा भेद करते, अनुवाद २२ रान आणि नगर असा. दोन्हीकडे तर्क एकच दिसतो : वस्तीत आरडाओरडा ऐकायला कोणी असते. बाईवर अन्याय करणारा हा तर्क दोन्ही समाजांत होता, हेही नोंदवायला हवे.

एक जुना युक्तिवाद मात्र सोडून द्या. ४६व्या-४७व्या कलमांतली जमिनीवरची सेवा टाळण्यासाठी अब्राहामाला शेत नको, फक्त गुहाच हवी होती, असे १९५३मध्ये मांडले गेले. पुढच्या अभ्यासकांना ते पटले नाही. उत्पत्ती २३मधला सौदा संवादाच्या रूपात आहे, आणि तसे खरेदीखत नव-बाबेली काळात सर्रास आढळते.

प्रश्न : दावीद राजाने ज्याला मारवले तो बथशेबेचा नवरा उरीया हित्ती परदेशी होता का?

त्याच्या नावाचा हिब्रू अर्थ ‘यहोवा माझा प्रकाश’ असा होतो, आणि दावीदाच्या निवडक वीरांच्या यादीत (२ शमुवेल २३:३९) तो आहे. मूळ नाव हुर्री या उत्तर सीरियाकडच्या प्राचीन भाषेतल्या ‘एव्री’, म्हणजे स्वामी, या शब्दावरून आले असावे असे काहींचे मत आहे. ते खरे असले तरी कथेतला उरीया पूर्णपणे इस्राएली सैन्यातला माणूस आहे, आणि ‘हित्ती’ ही त्याच्या घराण्याची ओळख.

प्रश्न : हित्ती भाषा हिब्रूच्या कुळातली, की संस्कृतच्या?

संस्कृतच्या, म्हणजे इंडो-युरोपीय. १९०६पासून बोआझकाले येथे ह्यूगो विंकलर यांच्या उत्खननात हजारो पाट्या निघाल्या, त्यांत दुसऱ्या रामसेसबरोबर इ.स.पू. १२५९मध्ये झालेल्या तहाची प्रतही होती. कीलाकार लिपी वाचता येत होती, भाषा कळत नव्हती. १९१५मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी यांना एक ओळ उलगडली : ‘नु निंदा-अन एझ्झतेनि वातर-मा एकुतेनि’. ‘निंदा’ हे भाकरीचे सुमेरी चिन्ह आधीच माहीत होते. भाकरी आहे तर खाणे आले : एझ्झ- शेजारी संस्कृत ‘अद्’ ठेवा. वातर म्हणजे पाणी, संस्कृत ‘उदक’च्या नात्यातले. ‘आता तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल.’

मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे ज्या तहात येतात तो हत्तुशात सापडला म्हणून त्यांना हित्ती देव समजतात, ते चूक आहे. ते मितन्नी या उत्तर सीरियातल्या राज्याच्या बाजूचे साक्षी देव आहेत. शुप्पिलुलिउमा पहिला याने मितन्नीच्या शत्तिवाझाशी तो तह केला.

हित्ती स्वतः आपल्या भाषेला नेशा या शहरावरून ‘नेशिली’ म्हणत. त्यांच्या लेखनिकाने ‘हत्तिली’ लिहिले असेल, तर त्याला आधीच्या हत्ती लोकांची, अगदी वेगळ्या कुळातली भाषा अभिप्रेत असे. आपण वापरतो ते ‘हित्ती’ हे नाव अभ्यासकांनी हिब्रू बायबलमधूनच उचलले.