परसातल्या ड्रममध्ये कागद-पुठ्ठ्याचे खत : कागद पावसाळ्यासाठी राखून ठेवा

प्रश्न : घरात वर्तमानपत्रे, मुलांच्या जुन्या वह्या, आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेट्या साठतात. परसात ड्रम ठेवून त्यांचे खत करता येईल का? शाईने जमीन बिघडते का? गेल्या पावसात कागद टाकला, तर त्याचा काळा, घाण वासाचा लगदा झाला आणि तळाला पांढऱ्या अळ्या निघाल्या. असे का झाले? (रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या विचारणा एकत्र केल्या आहेत.)

उत्तर : खत जरूर करता येते, पण कागद म्हणजे शेण नव्हे. कागदात जवळपास सगळा कर्बच (कार्बन) असतो, नत्र (नायट्रोजन) नावापुरते. कचरा नीट कुजायला कर्ब-नत्राचे प्रमाण ३०:१ च्या आसपास लागते. वर्तमानपत्रात ते १५०:१ च्या वर जाते, पुठ्ठ्यात ३००:१ च्याही पुढे. म्हणून नुसता कागद भिजवून ठेवला तर महिनोन् महिने तसाच बसून राहतो. ओल शोषणे आणि कचऱ्यात हवा खेळती ठेवणे, हे कागदाचे खरे काम.

कोकणात हे काम वर्षभर लागत नाही. दिवाळीनंतर आंबा, काजू, फणसाचा पातेरा (गळलेली सुकी पाने) आवारात ढिगाने पडतो. तो असताना कागद वापरण्यात अर्थ नाही. पातेरा सरस आणि फुकट. मिरग लागला की सुके पान मिळेनासे होते, स्वयंपाकघरातला कचरा मात्र रोज निथळत येतो. कागद हवा तो तेव्हा. मे महिन्यात तो फाडून गोणीत भरा आणि माळ्यावर ठेवा. पडवीत जमिनीवर ठेवलात तर तुमच्याआधी वाळवी पोचेल.

कोणता कागद घ्यावा

वर्तमानपत्र, वहीची पाने, साधा पुठ्ठा, अंड्यांचे ट्रे चालतात. आंब्याच्या पेटीची चिकटपट्टी आणि लेबल आधी काढा. पिना राहिल्या तरी गंजून जातात, पण खत हाताळताना बोटात घुसतात, काढलेल्या बऱ्या. वर्तमानपत्राच्या काळ्या शाईचा रंग काजळीचा असतो, घरगुती प्रमाणात तिची चिंता नको. गुळगुळीत चकचकीत कागदावर चिनी माती किंवा चुनखडीचा थर असतो. तो विषारी नाही, पण कुजायला फार वेळ घेतो; वगळलेला चांगला.

पुढच्या वस्तू ड्रममध्ये अजिबात नकोत : चहाचे कागदी कप (आत प्लॅस्टिकचा पातळ थर असतो), दूध-रसाचे खोके, चंदेरी पत्रावळी, लॅमिनेशन केलेल्या लग्नपत्रिका, गणपतीच्या मखराचा चमकीचा कागद, फटाक्यांची आवरणे आणि दुकानाची गुळगुळीत छापील पावती. ही पावती ओळखायची तर नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर तो उष्णतेने छापला जाणारा रसायनयुक्त कागद आहे.

ड्रम आणि भरणी

चार-पाच माणसांच्या घराला २०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम पुरतो. बाजूंना वीतभर अंतरावर १० ते १२ मिलिमीटरची भोके पाडा, तळालाही आठ-दहा पाडा. ड्रम चार जांभा चिऱ्यांवर उभा करा, म्हणजे खालून पाणी निथळेल आणि मातीतून वाळवी थेट चढणार नाही. वर झाकण हवेच. झाकणाला भोके असतील तर त्यांवर बारीक तारेची जाळी बसवा. जागा पावळीखाली (छपराचे पाणी पडते तिथे) नको, छपराखाली हवी. तळाला १० सेंटिमीटर नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) पसरा.

कागदाच्या दोन बोटे रुंद पट्ट्या फाडा. पुठ्ठा रात्रभर पाण्यात ठेवला की पदर आपोआप सुटतात. १ किलो सुक्या कागदाला दीड ते दोन लिटर पाणी लागते. कचरा आधीच निथळत असेल तर कागद सुकाच टाका, तो ते पाणी पिऊन घेईल.

१ किलो सुक्या कागदाला ४ ते ५ किलो भाजीपाल्याचा ओला कचरा आणि १ किलो ताजे शेण घ्या. शेण नसेल तर गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया) कोवळा पाला चिरून २ किलो घाला. कुंपणाला गिरिपुष्प असेल तर नत्र विकत आणायची गरज नाही. पाला, शेण दोन्ही नसेल तेव्हाच २५ ते ३० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून शिंपडा. मासळी धुतलेले पाणी उत्तम चालते. माशांची डोकी, कोलंबीची साले टाकायची असतील तर ढिगाच्या मध्यभागी पुरून वर वीतभर कागद टाका, नाहीतर मांजरे आणि उंदीर रात्र काढू देणार नाहीत. उंदरामागे साप येतो. ड्रमखालची चिऱ्यांची फट फुरशाला आवडणारी जागा आहे. खाली हात घालण्याआधी काठीने ठोकून पाहा.

प्रत्येक थर चार बोटांपेक्षा जाड नको. दर दहा दिवसांनी दाताळ्याने खालचे वर करा. मूठभर मिश्रण घट्ट दाबले की एक-दोन थेंब यावेत. पाण्याची धार लागली तर सुका कागद वाढवा. एकही थेंब आला नाही आणि मुंग्या दिसल्या तर पाणी शिंपडा. चुना घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाते.

लगदा का झाला

अख्खी वर्तमानपत्रे पसरून टाकली की ती भिजून एकमेकांना चिकटतात, चटईसारखा थर होतो आणि त्याखाली हवा जात नाही. हवेविना जे कुजते त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. सगळे बाहेर काढा, चिकटलेले पदर हाताने सोडवा, सोडणांचे तुकडे किंवा बारीक काटक्या मिसळून पुन्हा भरा. वास नाकात झोंबणारा असेल तर उलट नत्र जास्त झाले आहे, कागद वाढवा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कागद कुजवतेच आहे.

पांढऱ्या अळ्या

याकडे नारळवाल्यांनी नीट लक्ष द्यावे. अळी हातावर घेऊन पाहा. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली, दुधी पांढरी, तपकिरी डोक्याची, पुढच्या भागाला सहा पाय आणि वाढल्यावर अंगठ्याएवढी जाड असेल, तर ती गेंड्या भुंग्याची असण्याची शक्यता मोठी. हा भुंगा कुजक्या शेणखतात व कचऱ्यात अंडी घालतो आणि मोठा झाला की माडाचा सुई-कोंब (शेंड्याची न उघडलेली झावळी) पोखरतो. नंतर उघडणाऱ्या झावळ्या पंख्यासारख्या कापलेल्या दिसतात. ड्रम उपसून अळ्या वेचून मारा आणि मेटारायझियम ही अळ्या मारणारी हिरवी बुरशी पाकिटावरील मात्रेने कचऱ्यात मिसळा. झाकण आणि जाळी मुख्यतः याच भुंग्यासाठी आहे.

अळी चपटी, राखाडी-तपकिरी, बिनपायांची, चिवट कातडीची आणि नखभर लांब असेल, तर ती काळ्या सैनिक माशीची. ती कचरा झपाट्याने खाते, तिला राहू द्या. मात्र ती भरपूर दिसली तर ओला भाग जास्त झाला आहे असे समजा.

खत कधी काढावे, कुठे घालावे

तीन ते चार महिन्यांत माल तिसऱ्या हिश्शावर येतो, रंग काळपट होतो आणि मातीचा वास येतो. चाळणीवर राहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे पुढच्या भरणीत टाका, ते विरजणाचे काम करतात. अर्धवट कुजलेले खत भाताच्या रोपवाटिकेत किंवा वाफ्यात घालू नका. उरलेला कागद कुजवताना जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढतात आणि रोपे पिवळी पडतात. तयार खत भाजीच्या वाफ्यात दर चौरस मीटरला २ ते ३ किलो पुरते. कागदातल्या चुनखडीमुळे आपल्या जांभ्याच्या जमिनीचा आम्लपणा कमी व्हायला थोडा हातभार लागतो, पण माती परीक्षणात चुना सांगितला असेल तर तो वेगळा द्यावाच लागेल. हे खत शेणखताची जागाही घेत नाही. आंबा-नारळाच्या आळ्यात शेणखताच्या जोडीने द्या.