वाचकांचे प्रश्न: पुरातलं घर आणि विम्याचा कागद

प्रश्न: आमचं घर कुरुंदवाडजवळ आहे. पुढच्या दोन खोल्या आरसीसीच्या, मागचा सोपा आणि गोठा दगड-मातीचा. 2005 ला पाणी उंबऱ्याला लागून परतलं, 2019 ला घरात छातीभर होतं, 2021 ला गुडघाभर. आता घराचा विमा उतरवावा म्हणते. एजंट म्हणतात, पूररेषेतल्या घराला विमा मिळत नाही. सासरे म्हणतात, सरकार देतंच की. खरं काय? (एक वाचक, ता. शिरोळ)

उत्तर: ताई, विमा उतरवा, आणि नदी पात्रात असतानाच उतरवा. पाणी दारात आल्यावर काढलेल्या कागदाचा उपयोग होत नाही.

मी या भागात विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम केलं, 2005 चा पूर आणि 2019 चा महापूर दोन्हींनंतर घरंदारं पाहिली. तुमच्या तालुक्याचा पूर वेगळा आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला वाट मिळत नाही, पाणी मागे मागे पसरतं. त्यामुळे ते हळू चढतं, पण उतरायलाही दिवसच्या दिवस घेतं. मातीची भिंत पाण्यात उभी असते तोवर उभीच दिसते. पाणी ओसरून ऊन पडलं की पायातून बसते. पंचनामा झाला, ‘अंशतः नुकसान’ लिहिलं गेलं आणि पुढच्या आठवड्यात अख्खा सोपा खाली आला, अशी घरं मी पाहिली आहेत. तसं झालं तर त्याच दिवशी फोटो काढून तलाठ्याला आणि कंपनीला, दोघांनाही पुन्हा लेखी कळवा.

आता एजंटांचं म्हणणं. पूररेषा हा बांधकाम परवानगीचा विषय आहे. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच मजकुराची पॉलिसी आहे. तिच्यात आगीबरोबर पूर आणि पाणी साचणंही धरलेलं आहे. कंपनी प्रस्ताव नाकारू शकते, हे खरं. पण मग नकार लेखी मागा आणि दुसऱ्या कंपनीकडे जा. एजंटाच्या तोंडी शब्दावर थांबू नका.

रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नाही, घर पुन्हा बांधायचा खर्च धरायचा. समजा, 600 चौरस फूट बांधकाम आणि खर्च 1,800 रुपये फूट, तर 10 लाख 80 हजार. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या 20 टक्के, म्हणजे इथे 2 लाख 16 हजारांपर्यंत, घरातलं सामान यादी न देता आपोआप धरलं जातं. कमाल मर्यादा 10 लाख. दागिने त्यात येत नाहीत. सोपा मातीचा आहे हे प्रस्ताव अर्जात स्वच्छ लिहा. मागचे पूरही लपवू नका. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, पण लपवलेली गोष्ट नेमकी दाव्याच्या वेळी बाहेर येते. घरावर कर्ज असेल तर बँकेनं विमा आधीच उतरवलेला असू शकतो. कागद बँकेच्या फायलीत पडून असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. शाखेत जाऊन प्रत मागा.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. सरकार देतं, ते सानुग्रह अनुदान. संसार पुन्हा उभा करायला ते पुरत नाही, हे 2019 नंतर त्यांनीही पाहिलं असेल. विमा काढला म्हणून अनुदानावरचा हक्क जात नाही. तलाठ्याचा पंचनामा वेगळा, कंपनीचा सर्व्हे वेगळा.

एक काम मात्र या उन्हाळ्यातच करा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला तिथे कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण आपल्या उंबऱ्याचा आकडा कुणी काढत नाही. पावसाळ्यात पाटबंधारे खात्याचा पाणीपातळीचा तक्ता रोज फिरतो. त्यात नृसिंहवाडीचा आकडा असतो. तुमच्या गल्लीत पाणी शिरलं त्या दिवशी तिथे किती फूट होतं ते जुन्या वर्तमानपत्रांत शोधा आणि भिंतीवर रंगानं लिहून ठेवा. पुढच्या वेळी जनावरं कधी सोडायची, धान्य कधी हलवायचं हे त्या आकड्यावरून ठरेल.

आणि पूर आलाच तर पाणी उतरल्यावर लगेच चुना मारू नका. भिंतीवर चिखलाची तांबूस रेघ उरते, तिला टेप लावून आकडा दिसेल असा फोटो घ्या. फ्रिज, मिक्सर, पंपाची मोटर यांच्या नंबरपट्टीचे फोटो घ्या. गाद्या उकिरड्यावर टाकण्याआधी व्हिडिओ काढा. कंपनीला ताबडतोब कळवून दावा क्रमांक लिहून ठेवा. दावा अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

प्रश्न: ऊस आणि सोयाबीन दोन्ही मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानात आहे. पीकविम्यात काय मिळेल? (एक शेतकरी, ता. शिरोळ)

उत्तर: उसाला नाही. आपल्याकडे पंतप्रधान पीकविमा योजनेच्या पिकांत ऊस नाही, आणि नदीकाठचं निम्मं रान उसाचं आहे. ही या भागाची खरी अडचण आहे आणि ती कारखाने, सोसायट्या आणि सरकार यांनी मिळून सोडवायला हवी. सोयाबीनला विमा आहे. एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला, आता विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याचा. भरपाई महसूल मंडळातल्या (म्हणजे काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक रानांत पीक कापून मोजलेल्या, उत्पन्नावर ठरते, एकट्या तुमच्या रानातल्या पाण्यावर नाही. म्हणून कापणी प्रयोगाच्या दिवशी बांधावर हजर राहा. दावणीच्या म्हशींचा विमा वेगळा काढा, आणि कानातला बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात नवा मारून घेऊन कंपनीला नंबर कळवा. बिल्ल्याशिवाय दावा उभा राहत नाही.