सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच करता येतील असे झटपट व्यायाम कोणते?

तुम्ही लिहिलंय की सकाळी अंग आखडलेलं असतं, चटई अंथरून योगासनं करायला वेळ नाही, मग पाच मिनिटांत गादीवरच काय करता येईल? मी हे गेली तीन वर्षं करतोय, आणि हौसेनं नाही. शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं, त्यातून टाचदुखी लागली. सकाळी फरशीवर पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायचं. भिंत धरून मोरीपर्यंत जायचं, चार फेऱ्या झाल्या की पाय मोकळा.

फिजिओथेरपिस्टनं सांगितलेलं कारण मला पटलं. तळव्याला टाचेपासून बोटांपर्यंत आतून एक जाड पट्टा असतो. झोपेत पाऊल खाली कललेलं राहतं, त्यामुळे तो आखडतो आणि पहिल्या पावलाला हिसका बसतो. म्हणून तो आधी ताणायचा, मग उभं राहायचं. मी उशाशी जुना पंचा ठेवतो. (बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आंघोळ इथंच का?") उताणं पडून पाय सरळ ठेवायचा, पंचा चवड्याला अडकवायचा, दोन्ही टोकं धरून बोटं नडगीकडे ओढायची. पोटरीपर्यंत ओढ बसली पाहिजे, कळ मात्र येता कामा नये. १० आकडे मोजायचे, सोडायचं. दर पायाला असं १० वेळा. तुमची टाच दुखत नसेल तर तीन-चारदा पुरे.

आळोखेपिळोखे जरूर द्या, पण पायाची बोटं पुढे ताणून नको. तसं केलं की पोटरीत हमखास गोळा येतो, निदान माझ्या तरी. आलाच तर पुन्हा तेच, बोटं स्वतःकडे ओढायची.

आता कंबर. इथं मी एकदा तोंडावर आपटलोय. कुठलासा व्हिडिओ बघून उठल्या उठल्या गादीवर बसलो आणि वाकून पायाचे अंगठे धरायला गेलो. लचक भरली, चार दिवस खुर्चीत बसून शिकवलं. नंतर कळलं की रात्रभर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा साधारण १ ते २ सेंटिमीटर जास्त भरते ती त्यामुळेच. अशा वेळी पुढे वाकलं की त्या चकत्यांवर जास्त ताण येतो. उठल्यावर तासभर तरी खाली वाकायचे प्रकार नकोतच.

त्यापेक्षा उताणं पडून दोन्ही गुडघे दुमडा, तळवे गादीवर, आणि गुडघे जोडीनं डावीकडे-उजवीकडे हळूहळू कलते करा. खांदे उचलायचे नाहीत. पाच-सहा वेळा झालं की पाठ आपोआप सैल पडते. मानेला फक्त उशीवरच इकडून तिकडे वळवा, गरगर फिरवू नका. गादी मध्येच खड्डा पडलेली असेल तर मात्र हे सगळं खाली सतरंजीवर करा.

रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेलं राहत असेल, हिंडल्या-फिरल्यावरच बरं वाटत असेल आणि हे महिनोन् महिने चाललं असेल, तर व्यायामावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. वय कमी असेल तर जास्तच. संधिवात तरुणपणीही होतो.

शेवटी उठणं. सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, हाताच्या रेट्यानं उठा आणि मिनिटभर तसेच बसा. बीपीची गोळी चालू असलेल्यांना तर एकदम उभं राहिलं की चक्कर येऊ शकते. माझी आई या मिनिटात आधी तळहात बघून 'कराग्रे वसते' म्हणते, मग जमिनीला पाय लावण्याआधी 'समुद्रवसने देवि'. मला पाठ दोन्ही आहेत, पण मी तेवढ्यात घोटे फिरवून घेतो.