मदतनिसाला कॉलेजच्या दारात अडवता येत नाही

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातली, वय 19. मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू दुबळे होत जाणारा आजार) आहे, प्रमाणपत्रावर 80 टक्के दिव्यांगत्व. जळगावच्या एका अनुदानित महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा वसतिगृहात खोली मिळाली. पण आईला सोबत राहू देणार नाही म्हणतात. वर्गाबाहेरही 'बाहेरच्या व्यक्तीने' बसायचं नाही. प्राचार्य म्हणाले, शौचालयात न्यायला शिपाईबाई आहे. शिवाय 'काही झाल्यास महाविद्यालय जबाबदार नाही' असं हमीपत्र मागतात. आई केळीच्या बागेत मजुरीला जायची, ती आता बंद आहे. मदतनिसाचा पगार कुणाकडून मिळेल का?

उत्तर : ताई, आधी एक सांगतो. त्या हमीपत्रावर सही करू नका, आईलाही करू देऊ नका. कॉलेजवर कायद्याने टाकलेली जबाबदारी अशा कागदाने संपत नाही, पण उद्या तोच कागद तुमच्यापुढे नाचवला जाईल.

तुमच्या पत्रात दोन मागण्या एकत्र झाल्यात. त्या वेगळ्या करा, कारण एक भक्कम आहे आणि दुसरी कच्ची.

भक्कम मागणी आईच्या सोबतीची. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 16 नुसार, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थेने प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची असते. अशी सोय नाकारणं म्हणजेच भेदभाव, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली विकास कुमार खटल्यात हेच बजावलं. तिथे प्रश्न परीक्षेतल्या लेखनिकाचा होता, तुमचा मदतनिसाचा आहे, तत्त्व एकच. सोय त्या व्यक्तीशी बोलून, तिची गरज बघून ठरवायची, सगळ्यांना एकच माप लावून नाही.

म्हणून शिपाईबाईचं उत्तर पुरेसं नाही. त्या बाई झाडलोट करणार, फायली पोचवणार आणि तुम्हाला खुर्चीवरून उचलणार? उचलण्याचं तंत्र असतं, चुकलं तर खांदा निखळतो. आणि आपल्या अंगाला कुणी हात लावायचा हे ठरवणं तुमच्या हातात असलं पाहिजे. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच वाटते. हे संकोच न ठेवता अर्जात लिहा.

कॉलेजकडे एकच बचाव आहे : या सोयीचा आमच्यावर अवाजवी बोजा पडतो. मुलींच्या वसतिगृहात एका बाईसाठी एक खाट, हा अवाजवी बोजा आहे असं म्हणणं टिकणार नाही. सुरक्षेची काळजी असेल तर आईला ओळखपत्र द्यावं, नोंदवहीत सही घ्यावी. आईच्या जेवणाचे पैसे द्यायची तयारी तुम्ही दाखवा. खोलीभाडं मात्र मान्य करू नका.

आता पगार. याच कायद्याच्या कलम 24 मध्ये, जास्त मदतीची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. पण तो सरकारच्या आर्थिक कुवतीवर आणि योजनेवर अवलंबून ठेवला आहे. तो कॉलेजकडून वसूल करता येत नाही. तुमच्या आईची मजुरी बुडते आणि त्याची भरपाई कुणी देत नाही, हा मला मोठा अन्याय वाटतो. तरी खोटी आशा दाखवणार नाही. कलम 38 खाली 'जास्त मदतीची गरज' असल्याचं मूल्यांकन मागता येतं. तो अर्ज कुणाकडे द्यायचा ते जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा, सोबत यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा. या अर्जासाठी आईच्या सोबतीची मागणी अडवून ठेवू नका.

प्राचार्यांना अर्ज तुमच्याच नावाने, तुमच्याच सहीने जाऊ द्या. तुम्ही सज्ञान आहात. सहीला त्रास होत असेल तर अंगठा चालतो. आवक शिक्का मारलेली पोच घ्या आणि एक प्रत कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कुलसचिवांना पाठवा. सात दिवसांत लेखी उत्तर मागा. तोंडी नकार कुठेच दाखवता येत नाही. लेखी नकार तुमचा पुरावा होतो.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संस्थेने काय केलं ते तीन महिन्यांत कळवावं लागतं. कायदा मोडल्याबद्दल कलम 89 खाली पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडल्यास 50 हजार ते 5 लाख. परीक्षा तोंडावर आली आणि वेळ नसेल तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट (थेट हक्कासाठीची याचिका) करता येते. जळगाव जिल्हा त्याच खंडपीठाकडे आहे.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. तिथे कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर हे कलम दाखवा.