गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ग्रामविकासाचा अभ्यासक्रम कसा बदलावा?

तुमच्या संस्थेकडं ग्रामविकासाचा तयार अभ्यासक्रम आहे आणि तो सोलापूर जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या उपयोगी कसा पडेल, असं तुम्ही विचारलंय. मी इथं बरीच वर्षं अशी प्रशिक्षणं घेतोय. आधी कार्यकर्त्यांच्या डायऱ्या मागवा. गावात ते कुठं अडतात ते त्यात सापडतं. धडे तिथूनच काढा.

मीही पूर्वी अख्खा पहिला दिवस इतिहासावर घालवायचो. २ ऑक्टोबर १९५२ चा सामूहिक विकास कार्यक्रम, पंचायत राज सुचवणारी १९५७ ची बलवंतराय मेहता समिती, १९६२ ला आपल्याकडं आलेल्या जिल्हा परिषदा. एकदा चहाच्या सुट्टीत सांगोल्याकडची एक ताई वही उघडूनच समोर आली. पानावर एवढंच होतं : 'ग्रामसभा. ४० जण. तहकूब. पुढं काय?' तिच्या गटातल्या बायांनी चार महिने खपून पाण्याचा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर आणला होता आणि गणपूर्तीच झाली नव्हती, म्हणजे सभेला लागतात तेवढी माणसंच आली नव्हती. माझ्या दोन दिवसांच्या शिकवण्यात तिच्या प्रश्नाला जागाच नव्हती. ते मला फार लागलं.

गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो. तहकूब होऊन पुढं ढकललेल्या सभेला ती अट नसते, मात्र विषय मूळ पत्रिकेतलेच घ्यावे लागतात. म्हणजे तिचा विषय अजून जिवंत होता!

आता आम्ही वर्गातच ग्रामसभा भरवतो. कुणी सरपंच, कुणी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), कुणी मागं बसून आवाज चढवणारा. इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, तिथल्या तिथं लिहायचं आणि ठराव मोठ्यानं वाचून दाखवायचा, कारण पुढं सगळं त्या ठरावाच्या शब्दांवर अडतं. इतिहासही शिकवतो, पण शेवटी, अर्धा तास.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरातल्या बऱ्याच गावांत घरी कन्नड बोलतात. तिथला कार्यकर्ता शिकतो मराठीत आणि बैठक घेतो कन्नडमध्ये. सराव त्याला कन्नडमध्येच करू द्या.

तारखा ठरवताना मंगळवेढ्याकडची ज्वारीची काढणी आणि आषाढी वारी टाळा. सलग पाच दिवस बसवण्यापेक्षा दोन दिवस वर्ग, मग महिनाभर गाव, मग पुन्हा एक दिवस, असं ठेवा. परत येताना प्रत्येकानं आपल्या गावच्या एका ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल आणायची.