शंका तुमची: गर्दीतला इलेक्ट्रॉन

प्रश्न : सर, स्फटिकावर तीव्र लेझर टाकला की त्याच्या अनेक पट वारंवारितेचा प्रकाश निघतो. इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीने तो वाढतो की घटतो? — एक विद्यार्थिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : पोरी, दोन्ही होतं!

लेझर इलेक्ट्रॉनला जागेवरून उचलतो, मागे रिकामी जागा राहते, तिला आपण 'होल' म्हणतो. लेझरच्या लहरीतल्या विद्युत क्षेत्राची दिशा उलटली की इलेक्ट्रॉन माघारी येऊन होलला भेटतो आणि कमावलेली ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो. 2011 साली झिंक ऑक्साइडच्या स्फटिकातून असा पंचविसाव्या पटीपर्यंतचा प्रकाश मिळाला. (हो, तेच पावडरीतलं झिंक ऑक्साइड.)

आता गर्दी. सात वर्षांचा असताना गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर, माझा वडिलांचा हात सुटला. धक्के खात परतलो तेव्हा एक चप्पल गायब आणि कुठून आलो याचा पत्ता नाही. इलेक्ट्रॉनचंही तेच. टकरींमुळे काही फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) त्याचा ताल चुकतो, प्रकाश मंदावतो.

पण इलेक्ट्रॉन-होलची एकमेकांना ओढही असते, ती भेट घडवते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एका अणुथरात ही ओढ जास्त, कारण तिला झाकायला वरखाली थर नाहीत. 2017 च्या प्रयोगात जाड स्फटिकातल्या एका थराच्या तुलनेत हा सुटा थर जास्त कार्यक्षम ठरला, आणि त्याचं श्रेय संशोधकांनी या परस्परक्रियेलाच दिलं.

मॉट इन्सुलेटरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीमुळेच वीज वाहू न देणाऱ्या पदार्थात, तर एकटा इलेक्ट्रॉन धरून गणितच जमत नाही. ते पुढच्या अंकात, कागद जास्त लागेल.