गाडीवर बसायच्या आधी मालकाला हे विचार

भावा, सोलापुरात ट्रक ड्रायव्हरला काम कधीबी मिळतंय, नुसता पगाराचा आकडा ऐकून हुरळू नको, आधी विचार की टायर फुटला तर पैसे कोणाच्या खिशातनं, चलन कोण भरणार, डिझेलचं अ‍ॅव्हरेज कमी आलं तर भत्त्यातनं कापतेत का. हैदराबादला माल खाली व्हायला दोन दिवस गोडाऊनच्या गेटवर पडून राहिलास आणि हॉल्टिंग, म्हणजे थांबून राहिल्याचे पैसे, मालकानंच ठेवून घेतलं तर काय उपयोग बे त्या पगाराचा! आधीचे ड्रायव्हर का सोडून गेले ते तिथल्या हमालांना विचार, मालक कशाला सांगतोय. एसी केबिन आता नव्यानं बनणाऱ्या ट्रकलाच कंपल्सरी हाय, जुनी गाडी मिळाली तर मे महिन्यात भाजून निघशील. आणि उचल मोठी घेऊ नको, फिटेपर्यंत सोडू देत नाहीत.